खिळ्यांची वीज आणि जिवाणूंची वीज

कोरफडीच्या कुंडीत एक तांब्याची पट्टी, एक जस्ताची पट्टी आणि शेजारी पाटी: 'झाडापासून वीज'. विज्ञान प्रदर्शनांत हे चालूनही जातं. हल्ली तर त्यालाच 'मायक्रोबियल फ्युएल सेल', म्हणजे जिवाणूंपासून वीज देणारा सेल, म्हणायची फॅशन आली आहे. तो निव्वळ लिंबाचा सेल आहे.

लिंबाचा सेल सगळ्यांना ठाऊक असतो: लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची पट्टी खोचायची. जस्त विरघळतं, मीटर 0.9 व्होल्टच्या आसपास दाखवतो. लिंबू काय, बटाटा काय, कुंडीतली ओली माती काय, काम फक्त आयन इकडून तिकडे नेण्याचं. 'पण महिनाभर चालतंय!' चालणारच. 1 ग्रॅम जस्तात सुमारे 820 मिलिअँपिअर-तास असतात. 1 मिलिअँपिअरने 34 दिवस. कोरफडीचा त्यात काही संबंध नाही.

खरा जिवाणू-सेल ओळखायचा तो इलेक्ट्रोडवरून: दोन्ही एकाच, न विरघळणाऱ्या पदार्थाचे हवेत. 1911 साली एम. सी. पॉटर यांनी यीस्ट आणि जिवाणूंपासून वीज मिळवली तेव्हा त्यांनीही प्लॅटिनम वापरलं होतं. आपल्याला कार्बन फेल्ट (कार्बनच्या तंतूंचं जाड, मऊ कापड) पुरे. चिखलात जिओबॅक्टरसारखे जिवाणू असतात. सेंद्रिय द्रव्य खाल्ल्यावर उरलेले इलेक्ट्रॉन ते एरवी मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडला देतात. हवा नसलेल्या थरात फेल्ट पुरलं की त्याला देतात. वरच्या फेल्टपाशी हवेतला ऑक्सिजन ते घेतो. इथे इंधन धातू नाही, जिवाणूंचं अन्न आहे.

शंका असेल तर चिखल बरणीत भरून प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास ठेवा, झाकूनच गार करा. (नुसता उकळून भागत नाही, बीजाणू तग धरतात.) जस्त-तांब्याचा सेल त्यातही तसाच चालेल. फेल्टचा मात्र, जिवंत चिखलातला वाढत असताना, शून्याजवळच पडून राहील.

करायचा असेल तर एक लिटरची रुंद तोंडाची बरणी आणि भातखाचरातला किंवा तळ्याच्या तळाचा काळा चिखल घ्या. तळाशी थोडा चिखल, त्यावर फेल्टची चकती, वर किमान 5 सेंटिमीटर चिखल दाबून. बुडबुडा राहिला तर पुरलेल्या फेल्टला ऑक्सिजन मिळतो आणि वीज येत नाही. दुसरी चकती वर, ओली पण हवेला उघडी. तार टायटॅनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची. जीआय तार अजिबात नको: तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, म्हणजे नकळत पुन्हा लिंबाचा सेल. तांब्याची तार चिखलात गंजते, वर जिवाणूंना विष.

पहिल्या दिवसापासून दोन्ही तारांमध्ये 1 किलोओहमचा रोधक जोडून ठेवा. पुरलेली चकती ऋण. सुरुवातीला मीटर जवळपास शून्य दाखवेल. वाढायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पट्ट्या खोचताच व्होल्टेज दिसलं तर ती धातूची वीज. रोधकावर 0.3 व्होल्ट आले की 90 मायक्रोवॅट झाले, बरणी उत्तम चालली आहे. लवकर वाढावं म्हणून साखर ओतू नका. आंबून निघणारा वायू चिखलात भेगा पाडतो.

एवढ्यावर लाल एलईडी थेट लागत नाही, त्याला 1.8 व्होल्टच्या आसपास हवेत. एकाच चिखलात दोन जोड्या पुरून त्या सिरीजमध्ये जोडणं व्यर्थ, ओला चिखलच त्यांना आतून शॉर्ट करतो. वेगळ्या बरण्या जोडल्या तरी त्यांतल्या अशक्त बरणीचे धन-ऋण उलटे होऊ शकतात. त्यापेक्षा एकाच बरणीवर व्होल्टेज वाढवणारं सर्किट लावून वीज साठवणारा कॅपॅसिटर भरा. एलईडी थांबून थांबून लुकलुकेल, सतत जळणार नाही.