खाचेत शिरणारा रंग

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांसाठी लागणारे चिमुकले सैनिक रंगवायला जे नव्याने बसतात, त्यांना सुरुवातीलाच एक सल्ला मिळतो. मूळ रंग सपाट लावावा, तो वाळला की त्यावर ‘वॉश’, म्हणजे अतिशय पातळ असा गडद रंग फिरवावा. तो उताराने वाहत जाऊन खाचांमध्ये साचेल आणि सावल्या आपोआप तयार होतील. सल्ला उत्तम आहे, पण त्याचे कारण चुकीचे सांगितले जाते. सैनिक उलटा धरून त्याच्या झग्याच्या आतल्या चुण्यांना वॉश लावून पाहावा. रंग खाली न येता तितक्याच सहजपणे वरच्या बाजूच्या खाचेत शिरतो. हे काम गुरुत्वाकर्षणाचे नाही, पृष्ठताणाचे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ज्या ओढीने आकसू पाहतो तिचे आहे, आणि एवढी एक गोष्ट नीट समजली तर नवशिक्याच्या निम्म्या अडचणींचा उलगडा होतो.

मुळात सावल्या रंगवाव्या का लागतात, हे आधी पाहू. १९८३ साली आलेल्या ‘वॉरहॅमर’सारख्या खेळांमुळे रूढ झालेला सैनिक साधारण २८ मिलिमीटर उंचीचा असतो, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे एक साठांश. माणसाच्या डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखता येतो. एक मीटर अंतरावर हा कोन म्हणजे जेमतेम ०.३ मिलिमीटर. पट्ट्याखालची किंवा बोटांमधली खाच याहून अरुंद असते, त्यामुळे तिच्यात खरी सावली पडली तरी खेळणाऱ्याला ती दिसत नाही आणि सैनिक सपाट वाटतो. म्हणून ती सावली रंगाने गडद करावी लागते. याच प्रमाणाच्या हिशोबाने रंग पातळ का लावायचा तेही कळते. ०.१ मिलिमीटर जाडीचा थर आपल्याला क्षुल्लक वाटतो, परंतु साठपट केल्यावर तो सहा मिलिमीटरचा होतो, म्हणजे सैनिकाच्या चेहऱ्यावर भिंतीसारखा गिलावाच चढतो आणि डोळे-ओठ बुजून जातात. जाड रंगाच्या एका हातापेक्षा पातळ रंगाचे दोन हात चांगले, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. द्रवाचा पृष्ठभाग वक्र असला की त्याच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो, आणि वक्रतेची त्रिज्या जितकी लहान तितका हा फरक मोठा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी यंग आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी मांडलेला हा नियम आपल्या सैनिकाच्या कमरेवर तंतोतंत लागू पडतो. खाचेतल्या वॉशचा पृष्ठभाग आत दबलेला असतो आणि त्याची त्रिज्या ०.१ मिलिमीटर आहे असे समजू. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. वॉशमध्ये साबणासारखी द्रव्ये मिसळलेली असल्याने त्याचा ३० धरू. पृष्ठताणाला त्रिज्येने भागले की ३०० पास्कल मिळतात, आणि इतक्या ओढीने आजूबाजूचा द्रव खाचेकडे खेचला जातो. याउलट एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा दाब अवघा १० पास्कल भरतो. म्हणजे या आकारमानात खाचेची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट ठरते, आणि खाच जितकी बारीक तितकी ती आणखी वाढते. पाण्याच्या बाबतीत ही सत्ता साधारण २.७ मिलिमीटरपर्यंत चालते, त्यापुढे गुरुत्वाकर्षण वरचढ होऊ लागते. आणि आपल्या सैनिकाच्या अंगावरचे बहुतेक सगळे बारकावे त्या मर्यादेच्या पुष्कळ आत असतात.

तरीही प्रत्येक द्रव प्रत्येक खाचेत शिरेलच असे नाही. द्रवाचा थेंब पृष्ठभागाला ज्या कोनात टेकतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. पॉल कॉन्कस आणि रॉबर्ट फिन या गणितज्ञांनी १९६९ साली दाखवून दिले की, स्पर्शकोन आणि खाचेच्या कोनाचा निम्मा भाग यांची बेरीज ९० अंशांहून कमी असेल, तरच द्रव त्या कोपऱ्याच्या टोकापर्यंत भिनतो आणि त्याच्या कडेकडेने पुढे सरकत राहतो. कोपरा काटकोनी असेल तर निम्मा कोन ४५ अंशांचा, म्हणून स्पर्शकोनही ४५ अंशांहून कमीच हवा. हे सैनिक बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात, आणि त्या प्लास्टिकवर साध्या पाण्याचा स्पर्शकोन ९० अंशांच्या आसपास असतो. गणित तिथेच फसते. पडताळा घ्यायचा असेल तर प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात, न दिलेल्या सैनिकाच्या ढालीवर नळाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो अर्ध्या मण्यासारखा उभा राहतो आणि ढालीच्या कडेजवळची खाच कोरडीच राहते. मग भांडी घासायच्या द्रवसाबणात बुडवलेले काडीचे टोक त्या थेंबाला लावावे. तो क्षणात बसतो, पसरतो आणि कडेच्या खाचेतून गोल फिरून पुढे निघतो.

साध्या रंगात नुसते पाणी ओतून वॉश तयार करू पाहणाऱ्यांचा हिरमोड का होतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. पाण्याने रंगकणांमधले अंतर वाढते, पण पृष्ठताण जवळजवळ होता तसाच राहतो. शिवाय रंगकणांना धरून ठेवणारे अ‍ॅक्रिलिकही विरळ होते आणि वाळलेला थर बोटाने पुसला जातो. म्हणून पाण्याऐवजी मॅट मीडियम, म्हणजे रंगकण नसलेले बिनचकाकीचे अ‍ॅक्रिलिक, आणि पृष्ठताण कमी करणारे द्रव्य वापरतात. प्रायमरची भूमिकाही निव्वळ रंग चिकटवण्याची नसते. त्याचा सूक्ष्म खरखरीतपणा, स्पर्शकोन मुळात ९० अंशांहून कमी असल्यास, तो आणखी कमी करतो.

उथळ, सपाट भागावर मात्र हाच वॉश घात करतो. खांद्यावरच्या गुळगुळीत कवचावर तो साचून राहिला तर वाळल्यावर मधला भाग फिका आणि भोवती गडद कडे असा डाग उरतो. सांडलेल्या कॉफीचा डागही असाच असतो, आणि त्यामागचे कारण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये मांडले. थेंबाची कड पृष्ठभागाला खिळून बसलेली असते आणि कडेजवळ बाष्पीभवन सर्वांत वेगाने होते; तिथली तूट भरून काढण्यासाठी मधला द्रव बाहेर वाहतो आणि जाताना रंगकणांना सोबत घेऊन कडेशी टाकतो. अर्धवट वाळलेल्या वॉशवर पुन्हा ओला ब्रश फिरवणे म्हणजे अशी नवी कड स्वतःच्या हाताने आखणे होय.

उपाय सोपा आहे आणि तोही पृष्ठताणाच्याच जोरावर चालतो. ब्रश धुऊन कापडावर टिपून घ्यावा आणि त्याचे जेमतेम दमट टोक साचलेल्या रंगाला लगेच टेकवावे. केसांमधल्या फटी सैनिकावरच्या खाचांपेक्षाही अरुंद असल्याने रंग ब्रशमध्ये चढतो. त्यासाठी महागडा ब्रश लागत नाही. कृत्रिम केसांचाही चालतो. मुंगसाच्या केसांचा ब्रश मात्र कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार गुन्हा आहे.

वॉशची बाटली म्हणजे बाटलीत भरलेले कौशल्यच, अशी या छंदातल्या लोकांची एक लाडकी थट्टा आहे. २०१९ पासून तर एकाच हातात मूळ रंग आणि सावली दोन्ही देणारे ‘कॉन्ट्रास्ट’ रंगही मिळू लागले. त्यांच्यात जादू काहीही नाही: पारदर्शक, किंचित दाट द्रव उंचवट्यांवरून ओसरतो आणि खाचांत जाड थर धरतो, एवढेच. कड्यांच्या चिलखतावर किंवा केसाळ कातड्यावर ते देखणे दिसतात. रणगाड्याच्या सपाट पत्र्यावर तेच चट्टे पाडतात, कारण तिथे ओढून घ्यायला खाचच नसते. जाहिरातीतला नमुना सैनिक नेहमी चुण्यांनी आणि कातड्यांनी लगडलेला का असतो, याचे उत्तर यात आहे.

वॉश पूर्ण वाळल्यावर उंचवटे उजळण्यासाठी जे ‘ड्रायब्रश’ करतात, त्यात हीच शक्ती मुद्दाम निकामी केलेली असते. ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ पुसून टाकल्यामुळे वाहून जाण्याइतका द्रवच उरत नाही. उरलेला रंग फक्त जिथे केस घासले जातात त्या कडांना लागतो, आणि खाचेतली सावली शाबूत राहते.

हेच तंत्र दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसाठी वापरायला हरकत नाही, फक्त एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. माती किंवा प्लास्टर सच्छिद्र असते आणि त्यातली छिद्रे फेट्याच्या घड्यांपेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात, त्यामुळे मघाच्याच गणितानुसार त्यांची ओढ अधिक तीव्र ठरते. वॉश घडीपर्यंत पोहोचण्याआधीच जागच्या जागी शोषला जातो आणि अख्खा मावळा मळकट होतो. तेव्हा आधी प्रायमरचे किंवा व्हार्निशचे दोन हात देऊन छिद्रे बंद करावीत, ते हात पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच वॉशला हात घालावा.