मृत देवमाशाची विल्हेवाट

समुद्रात मरून किनाऱ्याला लागलेला, किंवा जिवंत येऊन पुळणीवर दगावलेला देवमासा तपासणे, हलवणे आणि पुरणे, बुडवणे किंवा त्याचा सांगाडा राखणे, असे हे काम आहे. ते गावावर अचानक येऊन पडते. त्याला यंत्रे लागतात, माणसे लागतात, पैसा लागतो आणि वेळ मात्र दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. पूर्ण वाढलेला ब्राइड्स देवमासा साधारण १२ ते १५ मीटर लांब असतो. स्पर्म व्हेलचा नर १६ मीटरपर्यंत जातो आणि त्याचे वजन ४० टनांपुढे भरते. निळा देवमासा तर १०० टनांच्याही वर जातो. एवढे ओझे मोठ्या पोकलेनलाही सरळ उचलता येत नाही. ते लोळवावे, ओढावे किंवा कापावे लागते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे प्रसंग वरचेवर येतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडचा वारा किनाऱ्याच्या दिशेने वाहतो आणि खोल समुद्रात मेलेले प्राणीही त्याबरोबर ढकलले जातात. जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला होता. त्याला पाण्यात लोटण्याची गावकऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची धडपड फळाला आली नाही आणि शेवटी त्याला पुरावे लागले. जानेवारी २०१६ च्या अखेरीस जुहूच्या चौपाटीवर तिसाहून अधिक फूट लांबीचा ब्राइड्स देवमासा मृतावस्थेत आला. तोही तिथल्याच वाळूत गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेल्या पिल्लासाठी स्थानिक लोक, वनखाते आणि बंदरावरची टग बोट असे सगळे राबले, पण ते पिल्लू अखेर दगावले. कळपच्या कळप किनाऱ्याला लागण्याचे मोठे उदाहरण तमिळनाडूतले आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिरुचेंदूर-मणपाड भागात ८० हून अधिक पायलट व्हेल किनाऱ्यावर आले, त्यातले चाळीसच्या वर मेले आणि त्यांच्यासाठी किनाऱ्यावर खड्डे खणावे लागले. १९७३ मध्येही याच टापूत असाच प्रकार झाला होता.

घाई कशासाठी : देवमाशाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. जिवंतपणी तो ऊब धरून ठेवतो आणि मेल्यावरही तेच करतो. आतले तापमान उतरत नाही, त्यामुळे आतडी आणि स्नायू झपाट्याने कुजतात. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड असे वायू साठून पोट टम्म फुगते. जीभ बाहेर येते, गळ्यावरच्या घड्या ताणल्या जातात, कातडीचे पापुद्रे सुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढलेल्या फोटोवरून जात ओळखताना चूक होते ती यामुळेच. ब्राइड्स देवमाशाच्या डोक्यावर, नाकपुड्यांपासून जबड्याच्या टोकाकडे जाणारे तीन समांतर उंचवटे असतात. ही त्याची पक्की खूण. पण कातडी सुटली की ती पुसट होते. पहिल्याच दिवशी डोक्याचा वरून, पाठीवरच्या पराचा बाजूने आणि शेपटीचा खालून असे तीन फोटो कोणी काढून ठेवले, तर पुढचे बरेच वाद टळतात.

फुगलेल्या पोटावर अननुभवी माणसाने सुरी चालवणे धोक्याचे असते. २०१३ मध्ये फेरो बेटांवर स्पर्म व्हेलचे पोट कापताना आतडी जोराने बाहेर उसळली आणि कापणारा थोडक्यात बचावला. त्याआधी, २६ जानेवारी २००४ ला तैवानमधल्या ताइनान शहरात याहून मोठा प्रकार घडला. सुमारे ५० टनांचा स्पर्म व्हेल तीन क्रेन लावून, १३ तास खपून ट्रेलरवर चढवला होता. शवविच्छेदनासाठी नेताना तो भर रस्त्यात फुटला आणि दुकाने, स्कूटर, माणसे रक्तमांसाने माखली. स्फोटाखेरीज रोगाचीही भीती असते. समुद्री सस्तन प्राण्यांत ब्रुसेलासारखे माणसाला बाधणारे जिवाणू आढळले आहेत, म्हणून हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय जवळ जाऊ नये, कुत्र्यांनाही दूर ठेवावे. सेल्फीसाठी पाठीवर चढणारे हौशी लोक प्रत्येक वेळी असतातच. त्यांना हटवायला पोलीस लागतात.

पुरणे : भारतात सर्वाधिक वापरली जाणारी आणि बहुतेक ठिकाणी सोयीची पद्धत हीच. उधाणाच्या भरतीरेषेच्या वर, देवमाशाला लागूनच पोकलेनने लांबोळका खड्डा खणतात आणि रुंद पट्ट्यांनी त्याला आत लोळवतात. दोरखंड शेपटीला बांधून ओढण्याचा मोह होतो. पण चार दिवस कुजलेली शेपटी ताण पडताच मुळातून सुटते आणि धूड जागच्या जागी राहते. खड्ड्यात उतरवण्याआधी जाणकाराकडून पोटाला चिरे पाडून घ्यावे लागतात. तसे न केल्यास आतले वायू धूड वर उचलतात आणि वाळू फुगून येते. वर किमान दोन-तीन मीटर वाळू हवी. चुन्याची पोती ओतण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने वास दबतो, पण कुजणे लवकर उरकत नाही, उलट मंदावते.

खड्डा उथळ किंवा पाण्याच्या फार जवळ असला, तर पुढच्या पावसाळ्यात लाटा वाळू खरवडून नेतात आणि तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते. ऑस्ट्रेलियात पोर्ट मॅक्वारीला २०१७ मध्ये वेगळीच अडचण आली. तिथल्या नॉबीज किनाऱ्यावर पुरलेल्या हंपबॅक देवमाशाच्या तेलकट झिरप्यामुळे शार्क जवळ येतील, अशी पोहणाऱ्यांना धास्ती वाटली आणि प्रशासनाने देवमासा उकरून दुसरीकडे नेला. जुहूसारख्या गर्दीच्या चौपाटीवर पुरण्याविषयी फारशी चर्चाही होत नाही. ती व्हायला हवी.

समुद्रात नेणे : ओढून खोल पाण्यात सोडले की झाले, असे किनाऱ्यावरून वाटते. पण फुगलेला देवमासा तरंगतो, वारा त्याला परत आणतो आणि मधल्या काळात तो जहाजांच्या आणि मच्छीमार बोटींच्या वाटेत येतो. म्हणून त्याला वजन बांधून बुडवावे लागते. जानेवारी २०२३ मध्ये जपानमधल्या ओसाका शहराजवळ, योदो नदीच्या मुखाशी एक स्पर्म व्हेल मेला. त्याला बार्जवर घालून काँक्रीटच्या ठोकळ्यांसह कीई सामुद्रधुनीच्या भागात बुडवण्यात आले. खर्च सुमारे ८ कोटी येनवर गेला आणि त्यावरून शहरात वाद झाला. खोल तळाशी पोहोचलेला देवमासा मात्र वाया जात नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रतळावर असा सांगाडा आणि त्याभोवती वसलेली जीवसृष्टी पाहण्यात आली. मासे, खेकडे, कृमी आणि हाडांतल्या तेलावर जगणारे जिवाणू अशा एका धुडावर वर्षानुवर्षे तगून राहतात.

सुरुंग : १२ नोव्हेंबर १९७० ला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फ्लॉरेन्स गावाजवळ महामार्ग खात्याने ४५ फुटी स्पर्म व्हेल डायनामाइटने उडवला. तुकडे समुद्राकडे उडतील आणि उरलेले पक्षी खातील, असा हिशेब होता. अर्धा टन डायनामाइट लावले. चरबीचे गोळे बघ्यांवर बरसले, पाव मैलावर उभ्या असलेल्या एका मोटारीचा टप चेपला आणि देवमाशाचा मोठा भाग होता तिथेच राहिला. पक्षी तर आवाजाने पसार झाले. १९७९ मध्ये त्याच परिसरात ४१ स्पर्म व्हेल लागले, तेव्हा कोणी सुरुंगाचे नाव काढले नाही. जाळून आणि पुरून काम उरकले. २०२० मध्ये गावाने एका उद्यानालाच त्या स्फोटाचे नाव दिले.

निर्जन किनाऱ्यावर देवमासा तसाच सोडून देणे हाही योग्य मार्ग ठरतो. फक्त त्याला औषध टोचून मारलेले नसावे, कारण ते औषध मांस खाणाऱ्या प्राण्यांना बाधते. तुकडे करून कचराभूमीवर नेणे किंवा लाकडाच्या भुशात कुजवणे हे उपायही काही देशांत वापरतात.

अंत्यसंस्काराची परंपरा : व्हिएतनामच्या मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावरचे कोळी देवमाशाला ‘ओंग’, म्हणजे आजोबा, असे आदराने म्हणतात. वादळात तो बोट सावरतो अशी त्यांची श्रद्धा आहे. मेलेला देवमासा ज्याला प्रथम दिसतो त्याने थोरल्या मुलाच्या नात्याने सुतक पाळायचे, गावाने रीतसर दफन करायचे आणि काही वर्षांनी अस्थी उकरून, धुऊन देवळात ठेवायच्या असा रिवाज आहे. फान थिएट शहरातल्या १७६२ साली बांधलेल्या वान थुई तू देवळात २२ मीटर लांबीचा सांगाडा आहे. भक्तिभावाने केलेल्या या कामातून उत्तम सांगाडे टिकले. आपल्या अरबी समुद्राच्या काठीही हाडांचा उपयोग जुना आहे. इ. स. पू. ३२५ मध्ये मकरानच्या (आजच्या पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्याने गेलेल्या, सिकंदराचा नौदलप्रमुख नीअर्कस याच्या आरमाराने तिथले लोक देवमाशाच्या हाडांनी घरे उभारताना पाहिले होते, असे ग्रीक वृत्तांत सांगतात.

कायदा आणि पंचनामा : भारतात देवमासे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यामुळे मेलेल्या देवमाशाचे मांस, हाड किंवा दात घरी नेणे हा गुन्हा ठरतो. महाराष्ट्रात अशा वेळी वनखाते आणि त्याचा कांदळवन कक्ष येतो, पशुवैद्य शवविच्छेदन करतात, तर यंत्रे आणि मजूर बहुधा ग्रामपंचायत किंवा पालिका पुरवते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशा प्रसंगांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. ‘उलटी’ (अंबर, म्हणजे अत्तरांसाठी वापरला जाणारा महागडा पदार्थ) मिळेल या आशेने धुडाभोवती घुटमळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी : तो पदार्थ फक्त स्पर्म व्हेलच्या जातकुळीत तयार होतो, ब्राइड्स किंवा निळ्या देवमाशात नाही, आणि सापडला तरी बाळगणे व विकणे बेकायदेशीरच आहे.

खरा तोटा होतो तो तपासणी उरकून टाकण्यामुळे. पाठीच्या मणक्यांना तडे आणि त्याभोवती साकळलेले रक्त दिसले, तर जहाजाची धडक जिवंतपणी बसली असे ठरते; रक्त नसेल तर धडक मेल्यानंतरची. चरबीच्या थराची जाडी उपासमार सांगते. दात नसलेल्या देवमाशांच्या कानात मेणाची गुडदी साठते, तिच्या थरांवरून वय मोजता येते. हे सगळे वाळूखाली गेल्यावर मिळत नाही.

सांगाडा मात्र मिळू शकतो. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा मांडलेला आहे. तेल निघायला फार वेळ लागतो. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग संग्रहालयात १९९८ मध्ये जहाजाच्या धडकेने मेलेल्या निळ्या देवमाशाची हाडे टांगली आहेत, त्यांतून कित्येक वर्षे तेल ठिबकत राहिले आणि ते खाली बाटलीत गोळा करावे लागले. कोकणात वाळूत पुरलेल्या देवमाशाची हाडे काही वर्षांनी बाहेर काढायची, तर पंचनाम्यात खड्ड्याचे अक्षांश-रेखांश, खोली आणि डोके कोणत्या दिशेला आहे ते लिहिलेले हवे. ‘चौपाटीवर पुरण्यात आले’ एवढ्याच नोंदीवर शोध सुरू केला, तर निम्मी पुळण उकरावी लागते.