तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं किती?

"कोकणात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे." आकाशवाणीच्या बातम्यांपासून मोबाइलपर्यंत हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कानावरून तसंच निघून जातं. पण त्यातला एकही शब्द उगाच आलेला नाही. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी पाव हिश्शापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', निम्म्यापर्यंत 'काही ठिकाणी', पाऊण हिश्शापर्यंत 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. पाऊस म्हणजे तरी किती? सकाळी साडेआठला संपणाऱ्या 24 तासांत किमान 2.5 मिलिमीटर. 'मुसळधार'ची रेघ 64.5 मिलिमीटरवर आहे, 'अति मुसळधार'ची 115.6 वर.

इशाऱ्यांच्या रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. पाऊस किती पडेल एवढंच हा रंग सांगत नाही. त्या पावसाने काय होऊ शकतं आणि ते होण्याची शक्यता किती, हे धरून तो ठरतो. हवामान खात्याची भाषा मुळात कुणीतरी निर्णय घ्यावा म्हणून घडलेली आहे. घरातून निघताना छत्री घ्यायची की नाही, हा त्यातला सगळ्यात छोटा निर्णय.

खात्याचा जन्मच नुकसानीतून झाला. 1864 मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं, बंदरातली जहाजं गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले. मग 1866 आणि 1871 मध्ये पावसाने दगा दिला. 1875 मध्ये भारतीय हवामान विभाग उभा राहिला तेव्हा त्याच्यासमोर ही दोन गिऱ्हाइकं होती: जहाजवाहतूक आणि शेती. 1928 मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्यात शिवाजीनगरला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, तरी पुणेकरांच्या तोंडी तो चौक आजही 'सिमला ऑफिस'चाच आहे. याच पुण्यात 1932 मध्ये कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला.

आता निफाडच्या एखाद्या द्राक्षबागेत चला. ऑक्टोबरची छाटणी झाली आहे, कोवळी फूट निघाली आहे, घड फुलोऱ्याकडे चालले आहेत. संध्याकाळी मोबाइलवर दिसतं की उद्या पावसाची शक्यता 30 टक्के. पाऊस झाला आणि पानं ओली राहिली की डावणी हा बुरशीसारखा रोग येतो, आणि फुलोऱ्यात डावणी घडात शिरली की तो घड गेलाच म्हणायचा. रात्रीच ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारणी करायची की थांबायचं?

हिशोबासाठी आकडे धरून चालू. फवारणीला एकरी 2,000 रुपये लागतात आणि न फवारता पाऊस आला तर रोग येऊन एकरी 1 लाखाचं नुकसान होतं. 2,000 भागिले 1 लाख, म्हणजे 2 टक्के. पावसाची शक्यता 2 टक्क्यांच्या वर गेली की या बागायतदाराने फवारावं. दहापैकी सात वेळा पाऊस येणार नाही, औषध वाया गेल्यासारखं वाटेल, तरी हंगामाच्या शेवटी तोच फायद्यात राहील.

त्याच गावात, त्याच संध्याकाळी, एका घराचा स्लॅब उद्या पडायचा आहे. मजुरांची टोळी ठरली आहे, मिक्सर आला आहे. काम पुढे ढकललं तर 40,000 रुपयांचा फटका. पावसात सापडलं तर ताडपत्री, दुरुस्ती धरून 50,000. इथे भागाकार येतो 80 टक्के. म्हणजे 30 टक्के शक्यता असताना ठेकेदाराने बिनधास्त स्लॅब टाकावा. अंदाज एकच, एकाने तो ऐकून रात्र जागवली, दुसऱ्याने काहीच केलं नाही, आणि दोघंही बरोबर आहेत. हवामानशास्त्रात याला खर्च-नुकसान गुणोत्तर म्हणतात. "अंदाज चुकला" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपण आपला आकडा काढलेलाच नसतो. मला हे साधं गणित शाळेत शिकवावं इतकं मोलाचं वाटतं.

बागायतदाराला मात्र टक्केवारीपेक्षा "उद्या सकाळी आंतरप्रवाही औषध घे, स्पर्शजन्य नको, पावसात धुऊन जाईल" असं सांगणारं माणूस हवं असतं. राहुरी, दापोली, अकोला, परभणी या कृषी विद्यापीठांतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला हेच काम करतो. जिल्हा पातळीवरचे असे कक्ष 2024 मध्ये बंद झाले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एनसीएईआर या संस्थेच्या 2020 च्या अहवालाने मान्सून मिशन आणि महासंगणकांवर घातलेल्या एका रुपयामागे 50 रुपयांचा लाभ दाखवला होता. तो लाभ होतो तो बांधावर. महासंगणकाचं उत्तर बांधापर्यंत नेणारी साखळी शेवटच्या कडीशी तुटली, तर आधीचा सगळा खर्च हवेतच राहतो.

कोयनेवर निर्णय याहून जड आहेत. धरण सुमारे 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं. पाणी पश्चिमेला बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, तिथे वीज होते आणि ते वाशिष्ठीला मिळतं. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेच्या वळणावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. बाकीचं पूर्वेला, कृष्णाकाठच्या शेतीला. ऑगस्टचा पहिला आठवडा आहे असं धरा, धरण बरंच भरलं आहे आणि तीन दिवसांनी अति मुसळधार पावसाचा अंदाज आहे. आत्ताच दरवाजे उचलून जागा केली आणि पाऊस फिरकलाच नाही, तर एप्रिल-मेमध्ये पाणी आणि वीज दोन्ही कमी पडणार. थांबलं आणि पाऊस कोसळला, तर कृष्णा आधीच फुगलेली असताना वरून विसर्ग सोडणं भाग पडणार. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या पुराची कारणं अनेक होती, पण अंदाजावर किती विसंबून धरण किती रिकामं ठेवायचं, हा प्रश्न तेव्हापासून घरोघरी गेला.

इथे 'सातारा जिल्ह्यात पाऊस' हे वाक्य कुचकामी आहे. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आणि नवजा आहे, आणि त्याच जिल्ह्यात टँकरची वाट पाहणारा माण-खटाव. म्हणून आता साताऱ्याच्या घाटमाथ्याला वेगळा इशारा मिळतो. बातमीत ती एक जास्तीची ओळ दिसते. पाणलोटात किती पाणी येणार याचा हिशोब करणाऱ्या अभियंत्यासाठी सगळा अंदाज त्या ओळीतच असतो.

कोयनेची वीज गरज पडली की काही मिनिटांत सुरू करता येते, त्यामुळे ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रालाही आकाशाकडे डोळा ठेवावा लागतो. तिथला दिवस 15 मिनिटांच्या 96 तुकड्यांचा. वीज साठवून ठेवायची सोय अजून थोडकीच, म्हणून मागणीइतकीच निर्मिती त्याच क्षणी व्हावी लागते. वळिवाची एक सर आली की पंप बंद, एसी बंद, मागणी धाडकन खाली. ढग सौर प्रकल्पांवरून सरकले की निर्मिती खाली. पाऊस किती, यापेक्षा ढग कोणत्या 15 मिनिटांत येणार, हा त्यांचा प्रश्न.

कोकण रेल्वेला वाऱ्याचं आणि मातीचं भय. पावसाळ्यात तिचं वेळापत्रकच बदलतं, गाड्या हळू धावतात, मार्गावर पाऊस मोजला जातो, आणि पानवळ, मांडवी, शरावती अशा उंच किंवा लांब पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. वारा मर्यादेबाहेर गेला की गाडी थांबते.

समुद्रावर थांबणं हाच सगळा निर्णय. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे सापडतील ते कोळ्यांना कळवते, त्याने डिझेल वाचतं. पण त्याच पडद्यावर वादळाचा इशारा आला की जाळं आवरून बंदर गाठायचं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाचा इशारा काही दिवस आधीच दिलेला होता. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळची पी-305 ही कामगारांची बार्ज तरीही समुद्रातच राहिली आणि 17 मे रोजी बुडाली. तिच्यावर 261 माणसं होती; सत्तरहून अधिक जण गेले. अंदाज अचूक होता, वेळेवर होता. हे आठवलं की मला कोणत्याही नव्या संगणकाची बातमी अपुरी वाटते.

उद्याच्या अंदाजाइतकंच कालच्या नोंदीलाही मोल आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, कुलाब्याला 73. एकाच शहरात! कुलाब्याचंच केंद्र असतं तर त्या दिवशी मुंबईत फार काही घडलं नाही, असं कागद म्हणाला असता. तोवर शहराची पर्जन्यजलवाहिनी ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने होती; पुढे ती ताशी 50 साठी वाढवायचं काम हाती घेतलं गेलं. देवगडच्या आंबा बागायतदाराला फळपीक विम्याची भरपाई मिळते तीही त्याच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. केंद्र सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, आणि बाग उतारावर असली, की मोहोर झडतो एका पावसाने आणि आकडा लागतो दुसऱ्याच पावसाचा. इथे अंदाज कितीही सुधारला तरी उपयोग नाही, मोजणारी ठिकाणं वाढायला हवीत.

यंत्रं आता आपोआप मोजतात, तरी कितीतरी केंद्रांवर सकाळी साडेआठला एक माणूस पर्जन्यमापकाचं झाकण काढतो, आतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो, डोळा पाण्याच्या रेषेशी आणतो आणि आकडा लिहितो. पाऊस नसला तरी शून्य लिहावं लागतं. एखादी सकाळ चुकली तर त्या तारखेची चौकट कोरी राहते, आणि वीस वर्षांनी त्या ओढ्यावर पूल बांधायला निघालेला अभियंता जेव्हा वही उघडतो, तेव्हा त्या दिवशी पाऊस नव्हता की माणूस नव्हता, हे त्याला कुणीच सांगू शकत नाही.