जन्म मुंबईचा, दाखला हवा गावात: आधी वॉर्ड कुठला ते ठरवा

चिपळूण-गुहागरपासून मालवणपर्यंत कितीतरी मंडळी जन्माने मुंबईची. चाकरमानी बाप गावी परतला, पण पोरांची जन्मनोंद तिकडेच राहिली. पासपोर्टसाठी दाखला लागला की माणूस कोकणकन्या एक्सप्रेसने रात्र काढून मुंबई गाठतो आणि भलत्याच वॉर्ड ऑफिसात ऐकतो, "इथे नाही, दुसरीकडे बघा." दुसरीकडे म्हणजे कुठे, हे सांगायचे कष्ट खिडकीवर कोणी घेत नाही.

मुंबई महापालिकेचा कारभार ए ते टी अशा अक्षरी विभागांतून, म्हणजेच वॉर्डांतून, चालतो. बरीच वर्षे हे विभाग 24 होते. अलीकडे मोठे विभाग फोडायला घेतले, मालाडचा पी नॉर्थ त्यातलाच. नगरसेवकांचे 227 प्रभाग वेगळे. मतदार यादीतला प्रभाग क्रमांक इथे काही कामाचा नाही.

बहुतेक जण अडतात ते पुढच्या गोष्टीवर. नोंद राहत्या घराच्या वॉर्डात होत नाही, जन्म जिथे झाला तिथल्या वॉर्डात होते. खोली वरळीला, म्हणजे जी साऊथमध्ये असली, तरी बाळंतपण केईएम रुग्णालयात झालं असेल तर नोंद एफ साऊथला. नायरला झालं असेल तर ई वॉर्डात, सायन रुग्णालयात झालं असेल तर एफ नॉर्थला. शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ नुसतं 'मुंबई' असतं, त्यावरून काहीच कळत नाही. आईला विचारा, ती नसेल तर मावशी-आत्याला. आणि पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर मुंबईला जाऊच नका. नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत असते, सासरच्या नव्हे. ठाणे, दिवा, नालासोपाऱ्याचा जन्म असेल तर मुंबई महापालिकेचा संबंधच नाही.

अर्ज स्वतः करा किंवा आई-वडिलांनी करावा. सोबत ओळखपत्र, जन्मतारीख आणि आई-वडिलांची पूर्ण नावं लागतात. डिस्चार्ज कार्ड मागतात खरे, पण चाळीस वर्षांपूर्वीचं कार्ड कोणाकडे असतं? ते नसेल तर तारीख आणि आईच्या नावावरून नोंद शोधायला सांगा. माहेरचं नावही लिहून द्या, जुन्या नोंदी कधी कधी त्याच नावाने सापडतात.

नोंद आहे, पण बाळाचं नाव नाही, असंही पुष्कळदा निघतं. जन्म 21 दिवसांत नोंदवायचा असतो, त्या मुदतीशी याची गल्लत करू नका. नाव घालायला नोंदणीपासून 12 महिने शुल्क नाही, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. नोंदच नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला लेखी घ्या. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल, तर नव्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि तिथे तोंडी उत्तर चालत नाही.

दाखला मिळाला की खिडकी सोडण्याआधी आईचं नाव आणि तारीख वाचून बघा. दुरुस्तीही त्याच वॉर्डात होते.