ब्रिटिश हार्ड कोर्ट टेनिस स्पर्धा, बोर्नमथ

ब्रिटिश हार्ड कोर्ट टेनिस स्पर्धा : इंग्लंडमधील एक बंद पडलेली टेनिस स्पर्धा. १९२४ मध्ये डेव्हन काउंटीतील टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी ती सुरू झाली. १९२७ पासून ती बोर्नमथ येथील वेस्ट हॅन्ट्स लॉन टेनिस क्लबच्या मैदानांवर भरू लागली आणि १९८३ मध्ये मूळ रूपात थांबली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती झाली नाही. नावात ‘ब्रिटिश’ असले तरी स्पर्धेची ओळख अखेरपर्यंत बोर्नमथ या गावाशीच जोडलेली राहिली. जुने खेळाडू आणि वार्ताहर तिला नुसते ‘बोर्नमथ’ म्हणत. क्लबच्या नावातील ‘हॅन्ट्स’ म्हणजे हॅम्पशर. १९७४ च्या प्रशासकीय फेररचनेत बोर्नमथ डॉर्सेट काउंटीत गेले, क्लबने मात्र आपले नाव बदलले नाही. एप्रिल १९६८ मध्ये हौशी आणि व्यावसायिक खेळाडू अधिकृत मान्यतेने एकाच स्पर्धेत प्रथम उतरले ते येथेच, त्यामुळे टेनिसच्या इतिहासात या स्पर्धेला तिच्या आकाराच्या मानाने फार मोठे स्थान आहे.

नावातील ‘हार्ड कोर्ट’ या शब्दांमुळे आजच्या वाचकाचा हमखास घोटाळा होतो, म्हणून मैदानाविषयी आधीच स्पष्ट केलेले बरे. सिमेंट किंवा डांबराच्या पायावर रंगाचा थर दिलेले, अमेरिकन खुल्या स्पर्धेत दिसणारे कोर्ट येथे अभिप्रेत नाही. इंग्लंडमध्ये त्या काळी गवताचे नसलेले उघड्यावरचे कोर्ट सरसकट ‘हार्ड कोर्ट’ या वर्गात मोडे आणि बोर्नमथचे कोर्ट लाल मातीचे होते. फ्रेंच स्पर्धेच्या कोर्टाशी त्याचे नाते जवळचे, पण बांधणी अगदी तीच नव्हे. पॅरिसच्या कोर्टात चुनखडीच्या थरावर विटांच्या भुकटीचा अगदी पातळ पापुद्रा असतो. इंग्लंडमधील शेल कोर्टात खाली पाणी झिरपू देणारा दगडखडीचा किंवा भट्टीच्या राखेचा पाया आणि वर भाजलेल्या मातीचा वा शेल खडकाचा भरड चुरा पसरून, पाणी मारून, रूळ फिरवून दाबलेला असे. आखणीसाठी बहुधा पट्ट्या खिळ्यांनी ठोकत. सामना संपला की जाळे ओढून चुरा सारखा करायचा आणि मग पट्ट्यांवरची माती कुंच्याने झटकायची, हे मैदान राखणाऱ्यांचे नित्याचे काम. एप्रिलच्या पावसात हा चुरा ओला झाला की चेंडूला चिकटे, चेंडू जड होई आणि उसळी मंदावे. वरचा थर वाळून मोकळा झाला की पाय घसरे. गवतावर वाढलेल्या इंग्लिश खेळाडूला या मैदानावर सर्व्हिसच्या जोरावर गुण मिळवता येत नसत, तेथे रॅली लांबवावीच लागे.

लाल मातीचे कोर्ट प्रथम कोठे झाले याबद्दल एकमत नाही. सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकीकत अशी : विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ हे इंग्लिश टेनिसपटू बंधू १८८० च्या सुमारास फ्रान्समधील कान येथे हिवाळ्यात टेनिस शिकवत. तेथील उन्हात गवत टिकेना, तेव्हा जवळच्या व्हालोरिस गावातील कुंभारांच्या फुटक्या मडक्यांची भुकटी करून त्यांनी ती मैदानावर पसरली. व्हालोरिसचा कुंभारव्यवसाय जुना आणि प्रसिद्ध आहे, त्यामुळे हकीकत पटण्याजोगी आहे. मात्र ती बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या आधारे पुन्हापुन्हा लिहिली गेलेली दिसते, म्हणून ‘१८८० च्या सुमारास’ यापलीकडे नेमका काळ सांगण्याचा आग्रह धरू नये. दुसरा प्रवाह इंग्लंडमधलाच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस लेस्टरजवळील सायस्टन येथील ‘आँ-तू-का’ या कंपनीने भाजलेल्या मातीच्या चुऱ्याचे कोर्ट व्यापारी प्रमाणावर बांधायला सुरुवात केली. पाऊस थांबल्यावर त्यावर लवकर खेळता येई. उन्हाने गवत करपते ही फ्रान्समधली अडचण, तर पावसाने गवत निसरडे होते ही इंग्लंडमधली. दोन्ही ठिकाणी उपाय भाजलेल्या मातीचाच निघाला, पण कारणे वेगळी होती. म्हणून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे मानण्यापेक्षा दोन्ही परंपरा बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वाढल्या असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटिश हार्ड कोर्ट स्पर्धा यांपैकी दुसऱ्या परंपरेतली आहे.

स्पर्धेच्या स्थापनेमागची परिस्थितीही लक्षात घ्यावी लागते. १९१२ पासून, १९२२ चा अपवाद वगळता, पॅरिसजवळच्या सां-क्लू येथे ‘जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा’ भरत असे. १९२३ नंतर ती बंद झाली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडने आपली राष्ट्रीय स्पर्धा टॉर्की येथे सुरू केली. एक बंद पडली म्हणूनच दुसरी निघाली असे म्हणण्याइतका पुरावा नाही, पण मातीवरच्या खेळाला राष्ट्रीय दर्जा देण्याची गरज त्या सुमारास इंग्लंडमध्येही जाणवू लागली होती एवढे यावरून दिसते. एप्रिलच्या अखेरीस, विम्बल्डनच्या आधी सुमारे दोन महिने भरणारी ही स्पर्धा ब्रिटिश मोसमाची सुरुवात मानली जाई.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातील विजेत्यांत फ्रान्सचा रेने लाकोस्त आणि इंग्लंडचा बनी ऑस्टिन ही नावे आहेत. फ्रेड पेरीने १९३२ ते १९३६ अशी सलग पाच वर्षे पुरुष एकेरी जिंकली. विम्बल्डनच्या तीन विजेतेपदांमुळे पेरी गवतावरचा खेळाडू म्हणून ओळखला जातो, पण १९३५ मध्ये त्याने मातीवरची फ्रेंच स्पर्धाही जिंकली होती. त्या विजयाचा पाया बोर्नमथला घातला गेला असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. १९३८ आणि १९३९ ही दोन्ही वर्षे तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमधील जावा बेटावर जन्मलेल्या खो सिन-की या चिनी खेळाडूने जिंकली. आशियातील खेळाडूंच्या इतिहासात त्याची नोंद व्हावी तेवढी झालेली नाही. युद्धानंतर यारोस्लाव ड्रोब्नीने येथे एकाहून अधिक वेळा विजय मिळवला, १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरने. महिलांमध्ये अँजेला मॉर्टिमरचे नाव पन्नाशीच्या दशकात ठळकपणे येते.

बोर्नमथचे नाव राहिले ते १९६८ मुळे. टेनिसमध्ये तोवर हौशी आणि व्यावसायिक असे दोन पंथ होते. विम्बल्डनसह सर्व मोठ्या स्पर्धा हौशींसाठी होत्या. उघडपणे पैसे घेऊन खेळणाऱ्याला त्यांचे दार बंद होई आणि तो व्यावसायिक तांड्याबरोबर गावोगाव फिरे. हौशी म्हणवणाऱ्या नामवंतांना मात्र ‘खर्चा’च्या नावाखाली पैसे मिळत, हे सर्वांना ठाऊक होते. खुल्या स्पर्धांचा ठराव १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस महासंघाच्या पॅरिस बैठकीत आला आणि आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताला अवघी पाच मते कमी पडून फेटाळला गेला. विम्बल्डन स्पर्धा भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड या दुटप्पीपणावर उघडपणे टीका करत. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांच्या क्लबने विम्बल्डनच्या मुख्य कोर्टावर निव्वळ व्यावसायिकांची स्पर्धा भरवली आणि तिला मोठी गर्दी झाली. १४ डिसेंबर १९६७ रोजी ब्रिटनच्या लॉन टेनिस संघटनेने हौशी-व्यावसायिक भेदच रद्द करण्याचा ठराव २९५ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. महासंघाने ब्रिटनला निलंबनाची धमकी दिली. अखेर ३० मार्च १९६८ च्या पॅरिस बैठकीत तडजोड होऊन त्या वर्षी मर्यादित संख्येने खुल्या स्पर्धांना परवानगी मिळाली. त्यांतली पहिली बोर्नमथची होती. ती २२ एप्रिल १९६८ रोजी, म्हणजे तडजोडीनंतर अवघ्या सुमारे तीन आठवड्यांनी सुरू झाली.

‘पहिली खुली स्पर्धा’ या बिरुदाला हरकत घेणारेही आहेत. १९३७ मध्ये अमेरिकेतील ग्रीनब्रायर येथे हौशी आणि व्यावसायिक एकत्र खेळले होते आणि चेकोस्लोव्हाकियाचा कारेल कोझेलुह तेथे जिंकला होता. मात्र त्या स्पर्धेला अमेरिकन संघटनेची मान्यता नव्हती आणि भाग घेणाऱ्या हौशींना तिने निलंबित केले. दुसरी हरकत बोर्नमथच्या सहभागावर आहे. तेथे आलेले व्यावसायिक प्रामुख्याने जॉर्ज मॅकॉल यांच्या नॅशनल टेनिस लीगशी करारबद्ध होते : लेव्हर, केन रोझवॉल, पान्चो गोन्झालेस, रॉय इमर्सन, आन्द्रेस हिमेनो, फ्रेड स्टोल. जॉन न्यूकोम, टोनी रोश वगैरेंचा प्रतिस्पर्धी गट आलाच नाही. तरीही स्पर्धा खुली ठरते ती नियमांमुळे, कोण आले आणि कोण नाही यावरून नव्हे. मान्यताप्राप्त नियमांखाली कोणालाही प्रवेश असलेली पहिली स्पर्धा हा अर्थ घेतला, तर बोर्नमथचा मान निर्विवाद आहे आणि हाच अर्थ ग्राह्य धरणे योग्य.

पहिला सामना ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक ओवेन डेव्हिडसन आणि ब्रिटनचा हौशी जॉन क्लिफ्टन यांच्यात झाला. पहिला गुण क्लिफ्टनने घेतला, सामना डेव्हिडसनने चार सेटमध्ये जिंकला. खुल्या टेनिसमधला पहिला गुण हौशी खेळाडूचा, ही गोष्ट क्लिफ्टनच्या नावापुढे कायमची लागली आहे.

व्यावसायिक खेळाडू हौशींना चिरडून टाकतील अशी जवळपास सर्वांची अटकळ होती. लेस्टरचा, केंब्रिजचा पदवीधर, चोवीस वर्षांचा डावखुरा मार्क कॉक्स याने ती खोटी ठरवली. दुसऱ्या फेरीत त्याची गाठ गोन्झालेसशी पडली. गोन्झालेस चाळिशीला टेकला होता, पण १९५० च्या दशकात व्यावसायिक टेनिसवर त्याचेच राज्य होते. पहिला सेट त्याने ६-० असा घेतला, तेव्हा प्रेक्षकांना पुढचे सगळे दिसल्यासारखे वाटले असेल. कॉक्सने दुसरा ६-२ जिंकला, तिसरा ४-६ हरला आणि शेवटचे दोन्ही ६-३, ६-३ घेतले. हौशी खेळाडूने व्यावसायिकाला खुल्या स्पर्धेत हरवण्याची ही पहिली वेळ. पुढच्या फेरीत त्याने इमर्सनलाही तीन सरळ सेटमध्ये घरी पाठवले. या पराभवांचे एक कारण त्यांच्या दिनक्रमात शोधता येते. व्यावसायिकांचे सामने बहुधा बंदिस्त सभागृहांत आणि आखूड असत, पाच सेटांचा सामना ओल्या मातीवर ओढत नेण्याची सवय त्यांना राहिली नव्हती. उपांत्य फेरीत लेव्हरने कॉक्सला सहज रोखले. अंतिम सामन्यात रोझवॉलने लेव्हरला ३-६, ६-२, ६-०, ६-३ असे हरवले. मंद मैदानावर रोझवॉलचा अचूक बॅकहँड किती भारी पडतो हे येथे दिसले आणि त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही त्याने लेव्हरलाच हरवले.

रोझवॉलला १,००० पौंड मिळाले. महिला एकेरीत व्हर्जिनिया वेडने विनी शॉला ६-४, ६-१ असे नमवले. तिच्यासाठीचे बक्षीस ३०० पौंड होते आणि तेही तिने घेतले नाही, कारण आपला हौशी दर्जा तिने तेव्हा सोडलेला नव्हता. पुरुष विजेत्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असलेली ही रक्कम त्या आठवड्याच्या वर्णनांत जाता जाता येते, खरे तर ती ठळकपणे नोंदवायला हवी. खेळाडूंतला हौशी-व्यावसायिक भेद मिटवणाऱ्या पहिल्याच स्पर्धेत स्त्री-पुरुषांच्या मोबदल्यातला भेद जसाच्या तसा राहिला आणि पुढच्या काही वर्षांत महिला खेळाडूंनी स्वतंत्र स्पर्धा काढल्या त्या याच प्रश्नावरून.

त्यानंतरची काही वर्षे स्पर्धेला चांगले दिवस होते. १९६९ मध्ये न्यूकोम, १९७० मध्ये खुद्द मार्क कॉक्स, १९७१ मध्ये जेराल्ड बॅट्रिक, १९७३ मध्ये आद्रियानो पनाता, १९७४ मध्ये इली नस्तासे, १९७५ मध्ये मनुएल ओरांतेस असे विजेते झाले. महिलांत मार्गारेट कोर्टने १९७० आणि १९७१ मध्ये, तर वेडने १९७३ मध्ये पुन्हा विजय मिळवला.

उतरण सत्तरीच्या उत्तरार्धात लागली. एप्रिल-मे महिन्यांत युरोपच्या मुख्य भूमीवर मातीच्या स्पर्धांची रांग लागली, त्यांच्या बक्षिसांशी आणि उन्हाशी बोर्नमथला बरोबरी करता येईना. स्पर्धेतले सातत्यही तुटले. १९८१ मध्ये पॅराग्वेचा व्हिक्टर पेची, १९८२ मध्ये पुन्हा ओरांतेस आणि १९८३ मध्ये स्पेनचा होसे हिगेरास जिंकला. हिगेरास हा या मालिकेतला शेवटचा विजेता.

१९९६ ते १९९९ या काळात वेस्ट हॅन्ट्स क्लबवरच पुरुषांची एक व्यावसायिक स्पर्धा मातीवर भरली. स्पेनच्या आल्बर्ट कोस्ताने १९९६ मध्ये, फेलिक्स मान्तियाने १९९७ आणि १९९८ मध्ये, तर रुमानियाच्या आद्रियान व्हॉइनेआने १९९९ मध्ये ती जिंकली. काही याद्यांत ही चार वर्षे जुन्या स्पर्धेला जोडून दाखवतात. मैदान आणि माती तीच असली तरी ही स्पर्धा सप्टेंबरमध्ये होई, तीत महिलांचा विभाग नव्हता आणि राष्ट्रीय विजेतेपदाचा दर्जाही नव्हता. त्यामुळे ती वेगळी मानून ब्रिटिश हार्ड कोर्ट स्पर्धेचा काळ १९२४ ते १९८३ असाच धरणे इष्ट होय.