बँका एकामागोमाग का बुडतात, आणि ठेव विमा

एक बँक बुडाली की तिच्याशी काही घेणंदेणं नसलेल्या दुसऱ्या बँकेतूनही लोक पैसे काढायला लागतात, याला बँकिंगमधला संसर्ग म्हणतात. तो रोखायला जी सरकारी हमी असते, म्हणजे बँक बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंतची ठेव परत मिळणारच, ती म्हणजे ठेव विमा.

मूळ गोम बँकेच्या धंद्यातच आहे. लोक पैसे ठेवतात ते कधीही काढता येतील म्हणून, आणि बँक तेच पैसे पुढे लांब मुदतीच्या कर्जात नाहीतर बाँडमध्ये, म्हणजे कर्जरोख्यांत, गुंतवते, हाताशी रोकड थोडीच. एरवी हे आरामात चालतं. पण सगळे एकदम आले तर धडधाकट बँकही टिकत नाही, आणि रांगेत उभा राहणारा माणूस मूर्ख असतो असं अजिबात नाही, बाकीचे काढणार असतील तर आपण त्यांच्याआधी काढणं यातच त्याचं हित असतं. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये हेच गणितात मांडलं, २०२२ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा आहे.

पसरतं कसं? एक तर नुसत्या भीतीने, कुठली बँक आतून पोकळ आहे हे बाहेरून कळत नाही म्हणून. दुसरं, बँकांची एकमेकींकडे उधारी असते. आणि तिसरं, ज्याकडे लोकांचं लक्ष जात नाही, ते म्हणजे घाईची विक्री: रोकड उभी करायला एक बँक बाँड मिळेल त्या भावात विकते, भाव पडतो, तसेच बाँड दुसऱ्या बँकेकडे असतात, तिच्याही पुस्तकात तोटा दिसायला लागतो, मग तिचे ठेवीदार धावतात.

अमेरिकेत १९३० ते १९३३ मध्ये सुमारे ९,००० बँका बंद पडल्या, आणि त्यात कितीतरी कुटुंबांची आयुष्यभराची कमाई गेली. मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी देशभरातल्या बँका काही दिवस बंदच ठेवल्या. त्याच वर्षी एफडीआयसी ही ठेवींचा विमा उतरवणारी सरकारी संस्था आली, १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला विमा मिळाला, आणि त्या अख्ख्या वर्षात विमा असलेल्या फक्त ९ बँका बुडाल्या. पैसे मिळणारच असतील तर धावायचं कशाला, एवढाच हिशोब!

पण हमी अर्धवट असली की काम करत नाही. ब्रिटनमध्ये २००७ ला पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण आणि पुढच्या ३३,००० ला ९० टक्के संरक्षण होतं, म्हणजे थोडं तरी बुडणारच, मग सप्टेंबरात नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर रांगा लागल्या त्यात नवल काय? सरकारने ठेवींची पूर्ण हमी दिली तेव्हा कुठे त्या ओसरल्या. मोठ्या ठेवींचा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतल्या ९० टक्क्यांहून जास्त ठेवी विम्याच्या २,५०,००० डॉलरच्या मर्यादेबाहेर होत्या, ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, बहुतेक ऑनलाइन, आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. १२ तारखेला सिग्नेचर बँकही गेली, मग सरकारला दोन्हीकडच्या सगळ्याच ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर करावं लागलं.

विम्यावर आक्षेपही आहे, ठेवीदार निर्धास्त झाला की बँकेवर कोणाची नजर राहत नाही आणि ती बेफिकीर कर्जं वाटते. हा आक्षेप खरा आहे, अमेरिकेतल्या बचत-कर्ज संस्थांचा विमा उतरवणारी एफएसएलआयसी स्वतःच दिवाळखोर झाली आणि १९८९ मध्ये गुंडाळावी लागली. पण त्यावर इलाज कडक तपासणी आणि बँकेकडून जोखमीप्रमाणे विम्याचा हप्ता हा आहे, छोट्या ठेवीदाराला वाऱ्यावर सोडणं हा नाही, त्याने बँकेचा ताळेबंद वाचून जोखीम ओळखावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि पैसे किती लवकर मिळतात यावरही बरंच अवलंबून असतं, कारण महिनोन्‌महिने अडकणार असतील तर हमी असूनही माणूस आधीच काढून घेतो. युरोपीय संघाने म्हणूनच १,००,००० युरोपर्यंतची ठेव परत करायची मुदत २० कामाच्या दिवसांवरून टप्प्याटप्प्याने कमी केली, २०२४ पासून ती ७ कामाचे दिवस आहे.