डबीतली मेणाची वडी

सकाळच्या डेक्कन क्वीनमध्ये कुणाच्या तरी पिशवीत एक छोटी डबी असते आणि तिच्यात बोटभर मेणाची वडी. गाठीबद्दल मुंबईच्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्यायला निघालेल्या पुणेकर नातेवाइकांना तिचं नाव एव्हाना पाठ झालेलं असतं : ‘ब्लॉक’. तिला बर्फ लागत नाही, याचं अनेकांना नवल वाटतं. गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून, पाणी काढून मेणात बसवला, की वर्षानुवर्षं टिकतो.

या वडीचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढून, गुलाबी-जांभळे रंगवून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुतेक गाठी तिथेच ओळखू येतात. काही मात्र दाद देत नाहीत. समजा, पंधरा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडातला तुकडा आहे. स्लाइडवर नुसत्या लहान, गोल, निळ्या पेशी. युइंग सार्कोमा हा मुख्यतः हाडाचा कॅन्सर असाच दिसतो आणि लिम्फोमा हा पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सरही. उपचार मात्र अगदी निराळे. कोणत्या पेशीत कोणतं प्रथिन आहे हे दाखवणाऱ्या चाचण्या बरंच सांगतात. तरीही शंका उरली, की जनुकांकडे वळावं लागतं.

युइंग सार्कोमात बहुतेक वेळा 22व्या गुणसूत्रावरचं ईडब्ल्यूएसआर1 हे जनुक तुटतं आणि 11व्या गुणसूत्रावरच्या एफएलआय1ला जाऊन चिकटतं. ‘फिश’ चाचणीत (माशाशी संबंध नाही!) पहिल्या जनुकाच्या एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला हिरवा चमकणारा ठिपका लावतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके बिलगून दिसतात, तुटलं असेल तर लांब जातात. मग अंधाऱ्या खोलीत बसून एकेक पेशी मोजायची.

पण ‘फिश पॉझिटिव्ह’ म्हणजे निकाल लागला, असं समजू नये. हेच जनुक क्लिअर सेल सार्कोमा या दुसऱ्या एका कॅन्सरमध्येही तुटतं, फक्त तिथे जोडीदार वेगळा असतो. ही चाचणी तूट दाखवते, जोडीदार दाखवत नाही. त्यासाठी आरएनएचं, म्हणजे जनुकाच्या पेशीतल्या नकलेचं, सिक्वेन्सिंग (अक्षरन् अक्षर वाचन) करावं लागतं, किंवा पुन्हा मूळ स्लाइडकडे यावं लागतं. स्लाइड न पाहता नुसता जनुकांचा रिपोर्ट वाचणं मला तरी धोक्याचं वाटतं.

हाडाच्या बाबतीत आणखी एक अडचण. कापण्याआधी हाड मऊ करावं लागतं आणि तीव्र आम्लात ते पटकन मऊ होतं. पण डीएनएचाही चुरा होतो. ईडीटीए हे रसायन वेळ खातं, डीएनए मात्र बराचसा वाचवतं. म्हणून जाणते पॅथॉलॉजिस्ट तुकड्यातला मऊ भाग आधीच बाजूला काढतात आणि आम्ल लागू न देता त्याचा वेगळा ब्लॉक करतात. मुंबईला न्यायचा तो हा.